ताटलीची वरची बाजू

आमच्याकडे नेमाचा सराव कागदी ताटलीवर करतात. जेवणाची पांढरी गोल ताटली, चर्चच्या पंगतीतून उरलेली. तिच्या मधोमध काळा ठिपका काढायचा, ती लाकडी फळीवर धरून वरच्या कडेला एक आणि खालच्या कडेला एक अशा स्टेपलच्या पिना मारायच्या, आणि मग लांब जाऊन, पालथं पडून गोळ्या झाडायच्या. दुकानात छापील लक्ष्यंही मिळतात. ती सुट्टीत येणारे शहरातले लोक घेतात.

मी शाळेत गणित शिकवायचे. शाळेतून निवृत्त झाले, पण मुलांचा शिकारीच्या परवान्याचा वर्ग अजून माझ्याकडेच आहे. वायोमिंगच्या या कोपऱ्यात तेवढं एक काम असं आहे की जे दुसरं कुणी मागत नाही. पहिल्या दिवशी मी मुलांना बंदूक दाखवत नाही, जुन्या ताटल्या दाखवते. म्हणते, आधी ही वाचायला शिका. भोकं आडवी पसरली असतील तर वारा. उभी पसरली असतील तर काडतूस. म्हणजे एकात दारू पुरेशी, एकात कमी, म्हणून एक गोळी वर लागते आणि दुसरी खाली. आणि चहूकडे पसरली असतील, तर बिचाऱ्या वाऱ्याला आणि काडतुसाला बोल लावू नका, आरशात बघा. यावर मुलं हसतात. हसता हसता लक्षात राहतं.

नेव्हा हॅगलंडही अशीच हसली होती, बापाची मोठी हॅट डोक्यावर घेऊन, पहिल्या रांगेत बसून. पुढे ती शहरात गेली, तिथल्या दवाखान्यात एक्स-रे काढायला लागली, लग्न केलं, ते टिकलं नाही. आई वारल्यावर ती गावी परत आली, कारण तिच्या बापाच्या, अर्व्हिनच्या, हातांना कंप सुटला होता. मेंढ्यांचं काम कापऱ्या हातांनी होत नाही. अडलेलं कोकरू आत हात घालून वळवावं लागतं, लोकर कातरावी लागते, कुंपणाची तार ओढून पिळावी लागते. एकेक करून ही सगळी कामं नेव्हाकडे आली. अर्व्हिनकडे एकच उरलं. घरामागच्या जुन्या दूधघरात त्याचं कामाचं उंच बाक होतं, त्यापाशी बसून तो बंदुकीची काडतुसं भरायचा. रिकामी पितळी पुंगळी घ्यायची, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, तराजूत दारू तोलून आत ओतायची, वर गोळी दाबून बसवायची. आयुष्यभर त्याने दुकानातलं काडतूस बंदुकीत घातलं नव्हतं.

त्या वर्षी वसंतात कोकरं पडायला लागली आणि कायोटही यायला लागले. पुस्तकात त्याला कोयोटी म्हणतात. आम्ही कायोट म्हणतो. कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून बारीक, आणि दोघांपेक्षा हुशार. हॅगलंडांच्या कुरणाच्या वरच्या घळीत एका जोडप्याने बीळ केलं होतं. बिळात पिल्लं असली की कायोट ससे-उंदरांवर भागवत नाही. काउंटीचा सापळेवाला म्हातारा होऊन मुलीकडे ॲरिझोनात राहायला गेला होता, आणि त्याच्या जागी कोणी आलं नव्हतं. राखणीचा पांढरा कुत्रा बिशप, त्याचे मागचे पाय गेलेले. तो रात्रभर भुंकायचा, पण उठायचा नाही.

नेव्हा माझ्याकडे आली ती एक मेलेलं कोकरू पिकअपमध्ये घालूनच. मानेचं कातडं तिने सोडवून ठेवलं होतं. गळ्याखाली दोन्ही बाजूंना दातांची भोकं होती. गरुडाचं काम असतं तर पाठीवर नख्यांच्या खुणा असत्या. मी बघितलं आणि मान हलवली.

मग तिने सांगितलं. या हंगामात हे थांबलं नाही तर शरदात ती सगळ्या मेंढ्या विकणार होती. कोकरंच उरली नाहीत तर मेंढ्या पाळायच्या कशाला, असं तिचं म्हणणं होतं, आणि त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. मी विचारलं, अर्व्हिनला माहीत आहे का?

"त्यांच्यासमोरच बोलले, बाई," ती म्हणाली. "ते उठले नि दूधघरात गेले काडतुसं भरायला."

तिला आता बंदूक हवी होती. अर्व्हिनच्या जुन्या बंदुकीची नळी इतकी वर्षं गोळ्या जाऊन जाऊन आतून झिजली होती, तिचा नेम राहिला नव्हता. निवड करायला मी बरोबर यावं असं तिला वाटत होतं. मी गेले.

गावात बंदुकांचं दुकान एकच, वेंडेलचं. वेंडेलही माझाच विद्यार्थी. भागाकारात कच्चा, बोलण्यात पक्का. अर्व्हिनही आला होता. शेगडीजवळ उभा होता, दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घालून. हल्ली तो हात असेच ठेवायचा.

"काय मारायचंय?" वेंडेलने विचारलं. "कायोट की नवरा?"

"नवरा आधीच पळाला," नेव्हा म्हणाली.

"म्हणजे कायोट. तो सोपा. तो निदान परत येतो."

त्याने काउंटरवर जाड कापड पसरलं आणि तीन बंदुका काढून ठेवल्या. तिन्ही साध्या, दुर्बीण बसवता येईल अशा. फरक होता तो काडतुसाचा. बंदूक घेणारे नवशिके लोक दस्त्याचं लाकूड बघतात. मी मुलांना सांगते, बंदूक शेवटी निवडा, काडतूस आधी निवडा. कुठे झाडायचंय, किती लांब, गोळीच्या पलीकडे काय आहे, हे आधी बघा.

काडतुसाच्या जाती आकड्यांनी ओळखतात. पहिली होती दोनशे तेवीसची. तिचा धक्का कमी, काडतुसं कुठेही मिळतात, पण तिची गोळी हलकी नि संथ, उघड्या कुरणात लांबवर गेली की दम सोडते. दुसरी दोनशे त्रेचाळीसची. तिची गोळी वजनदार, वाऱ्याला बधत नाही. तिसरी बावीस-दोनशेपन्नासची, अर्व्हिनच्या जुन्या बंदुकीच्या जातीची. हलकी गोळी, पण वेग असा की बऱ्याच अंतरापर्यंत कायोटवर जिथे नेम धरला तिथेच ती जाते. वर धरू का, किती वर धरू, हा हिशोब करावा लागत नाही. नवी नेमबाज असेल तर हे फार मोठं सुख. वाईट एवढंच, की ती नळी लवकर खाते आणि वाऱ्यात थोडी भरकटते.

वेंडेलचं मत दोनशे त्रेचाळीसला होतं.

"आपल्याकडे वारा कधी नसतो?" तो म्हणाला. "गेल्या साली एक दिवस पडला, तर माझा मेहुणा तोंडावर आपटला. जन्मभर वाऱ्याला टेकून उभा राहिलेला माणूस."

नेव्हा हसली. दोनशे त्रेचाळीस तिने उचलून खांद्याला लावली, दुर्बिणीतून रस्त्यापलीकडच्या पाटीकडे पाहिलं. तिला ती बसत होती, हे मला दिसत होतं. तिच्या गालाला दस्ता लागायचा तिथेच लागत होता. मीही तिला तीच सुचवणार होते.

तेवढ्यात शेगडीजवळून अर्व्हिन म्हणाला, "त्रेचाळीसचे साचे माझ्याकडे नाहीत."

काडतूस भरायला प्रत्येक जातीचा वेगळा साचा लागतो. त्याच्याकडे होता तो बावीस-दोनशेपन्नासचा. वेंडेलने पटकन सांगितलं की त्रेचाळीसची तयार काडतुसं भरपूर आहेत, भरायची गरजच नाही. त्यावर अर्व्हिन म्हणाला की विकतचं काडतूस म्हणजे हॉटेलातलं घरगुती जेवण, आणि खिशातले हात तसेच ठेवून तो खिडकीबाहेर बघायला लागला.

नेव्हाने बंदूक खाली ठेवली. थोडा वेळ ती तिन्हींकडे बघत राहिली. मग तिने तिसरी उचलली.

"ही दे," ती म्हणाली. "काडतुसं बाबा भरतात."

बापाचं तोंड खिडकीकडेच होतं, पण त्याचे खांदे खाली आले. वेंडेलने माझ्याकडे पाहिलं. मी गोळीच्या प्रश्नाकडे वळले, कारण तो प्रश्न सोपा होता. मेंढ्यांच्या आसपास झाडायचं तर पातळ कवचाची गोळी घ्यावी. लागल्याबरोबर ती आतल्या आत फुटते, आणि जमिनीवर आपटली तरी तिथेच चुरा होते, टणकन उडून मेंढीला किंवा रस्त्यावरच्या गाडीला जात नाही. हिवाळ्यात कातडं विकायचं असेल तर मोठं भोक पडू नये म्हणून वेगळी गोळी बघतात. वसंतात कायोटचं कातडं पुंजक्यांनी गळत असतं, कोणी घेत नाही. अर्व्हिनकडे अशाच पातळ गोळ्यांचे डबे होते. म्हणजे तेही ठरलं.

त्या आठवड्यात मी दूधघरात डोकावले. अर्व्हिन बाकापाशी होता. जुना दांडीचा तराजू, त्याची दांडी स्थिर व्हायची वाट बघत तो बसला होता. पण कोपर बाकाला टेकलेलं, त्यामुळे बाकच हलत होतं, आणि दांडी थांबत नव्हती. शेवटी त्याने थांबली असं मानलं, आणि पारडं उचलून दारू पुंगळीत ओतली. नरसाळ्याच्या कडेने थोडी सांडली. सांडलेली त्याने बोटाने बाजूला सारली, जशी आपण टेबलावरची पावाची भुकटी सारतो, आणि पुढची पुंगळी घेतली.

पहिली काळजी माझ्या मनात आली ती धोक्याची. दारू जास्त झाली तर बंदूक फुटते, आणि मग मला बोलावंच लागलं असतं. पण ही दारू अशी जाड कणांची की पुंगळी तोंडापर्यंत भरते, जास्त भरायला जागाच उरत नाही. कमी मात्र होऊ शकते. कमी झालेल्या काडतुसाने कुणाला इजा होत नाही. गोळी थोडी खाली लागते, बस्स.

"ओपल, उजेडात उभी आहेस," अर्व्हिन म्हणाला. मी बाजूला झाले.

नव्या बंदुकीचा नेम लावायला आम्ही जुन्या खडीच्या खाणीत गेलो. अर्व्हिन पिकअपमध्ये बसून होता, थंडीने हात जास्त कापतात म्हणून. नेव्हा पालथी पडली, वाळूच्या पिशवीवर बंदूक टेकवली आणि शांतपणे, दर गोळीला श्वास सोडत झाडत गेली. तिचा हात चांगला होता. एक्स-रे काढणाऱ्या माणसाला स्थिर राहायचं, स्थिर ठेवायचं माहीत असतं.

आम्ही चालत फळीपर्यंत गेलो. ताटलीवर भोकं उभी होती. एक ठिपक्याच्या वर, एक ठिपक्यात, बाकीची खाली खाली, शेवटचं जवळजवळ कडेला. डावी-उजवीकडे एकही नाही. एखाद्याने दोरी टांगावी तशी सरळ ओळ.

पहिल्या दिवशीचा धडा नेव्हा विसरली नव्हती.

पिकअपकडे पाठ करून तिने पिना उपसल्या, ताटली काढली आणि चालता चालता हातात पाव फेरा फिरवली. गोल ताटलीला वरची बाजू नसते. गाडीच्या खिडकीतून तिने ती बापासमोर धरली, तेव्हा भोकं आडवी होती.

"वारा," ती म्हणाली. "मधेमधे झुळूक येत होती. बाकी काडतुसं छान आहेत, बाबा."

अर्व्हिनने दोन्ही हातांनी ताटली घेतली. ती त्याच्या हातात फडफडली. त्याने ती बराच वेळ पाहिली, अंगठ्याने एक कड चाचपली.

"वारा असतोच खाणीत," तो म्हणाला, आणि ताटली सीटच्या मागे ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी नेव्हाने वेंडेलकडून बावीस-दोनशेपन्नासच्या विकतच्या काडतुसांचा एक डबा आणला. तो तिने मेंढ्यांच्या औषधांच्या पेटीत, टोचायच्या सुयांखाली ठेवला. मला सांगितलं, कारण कुणाला तरी सांगायला हवं होतं. आमच्याकडे झाडलेली पुंगळी कोणी टाकत नाही, परत भरता येते म्हणून उचलून आणतात; पोरांना बोलता येण्याआधी ती सवय लागते. म्हणून ती विकतच्या पुंगळ्या चिखलात दाबून टाकायची आणि खाणीत झाडलेल्या बापाच्या पुंगळ्या थोड्या थोड्या परत आणून द्यायची. तो त्या पुसायचा आणि पुन्हा भरायचा.

विकतच्या काडतुसाने तिने नर मारला. पहाटे घळीच्या तोंडाशी बसली होती, तो रात्रीच्या फेरीवरून परत येत होता. एकाच गोळीत जागच्या जागी. अर्व्हिनने त्याला उलटापालटा करून बघितलं, आणि नेव्हाच्या पाठीवर थाप मारली. थाप पाठीवर बसायच्या आधी हवेतच दोनदा हलली. त्या दिवशी त्यांच्या घरी फळं भरून पै भाजला होता, मीही खाल्ला. अर्व्हिन बोलत होता की या बंदुकीला त्याची दारू मानवली आहे. नेव्हा ताटात बघून खात होती.

आम्हाला वाटलं होतं, जोडीतला एक गेला की दुसरी थंड पडेल. तसं झालं नाही. आता एकट्या मादीवर पिल्लं पडली. ती दिवसाढवळ्या यायला लागली. एका सकाळी तीन कोकरं, एका दुपारी जुळी, आई पुढे उभी राहून पाय आपटत असताना. नेव्हा घळीत बसायची तेव्हा मादी खालच्या बाजूने यायची. खाली बसायची तेव्हा घळीतून. वारा सतत असायचा, आणि कायोट नेहमी वाऱ्याच्या खालच्या अंगाला वळसा घालून येतो, आधी वास घेतो, मग दिसतो. नेव्हाच्या अंगाला मेंढीचा वास होता खरा, पण साबणाचाही होता.

मे संपत आला. कुरणात कोकरांपेक्षा नुसत्या ओरडणाऱ्या मेंढ्या जास्त झाल्या. त्यांचे सड भरून दुखत होते आणि पिणारं कोणी नव्हतं.

मी नेव्हाला म्हटलं, हाक मारून बघू. सशाची किंकाळी काढणारी शिट्टी सगळेच वाजवतात, ती मादी तिला भुलणार नव्हती. पण मला तोंडाने कायोटच्या पिल्लाचं रडणं काढता येतं. वर्गात काढते तेव्हा मुलं बाकाखाली शिरेपर्यंत हसतात. आपलं पिल्लू कोणी धरलं आहे असं वाटलं तर आई येते. कुठलीही येते. हे करायला मला आवडत नाही, म्हणून इतके दिवस बोलले नव्हते.

आम्ही पहाटे निघणार, तर अर्व्हिन अंगणात तयार उभा. हॅट घातलेली, दाढी केलेली, हनुवटीवर दोन जागी कापलेलं.

"मी येतो," तो म्हणाला. "हिंडणार नाही. बसून राहीन."

घळीसमोरच्या उतारावर सेजच्या झुडपांत आम्ही तिघं बसलो. दंव पडलं होतं. उजाडलं तेव्हा मला एक गोष्ट विचित्र वाटली, आणि ती काय हे कळायला थोडा वेळ गेला. आवाज नव्हता. खाली हॅगलंडांच्या घराच्या धुरांड्यातून धूर निघत होता, तो वर सरळ जात होता, ओढून धरलेल्या दोऱ्यासारखा. गवताचं पातं हलत नव्हतं. मी वेंडेलच्या मेहुण्याची आठवण काढली, आणि अर्व्हिन आवाज न करता हसला.

नेव्हाने बंदूक टेकवली. तिच्या जॅकेटच्या उजव्या खिशात विकतची काडतुसं होती. हे मला ठाऊक होतं. ती खिशाकडे हात नेत होती, तेवढ्यात अर्व्हिनने शर्टाच्या वरच्या खिशाचं बटण काढलं. बटण निघायला वेळ लागला. आतून त्याने एक काडतूस काढलं. नवं घासलेलं, सोन्यासारखं.

"हे घे," तो म्हणाला. "आठवडाभर हेच केलंय. एकेक पाच-पाचदा तोललं. आधीची सगळी मोडून टाकली, ती ठीक नव्हती. हे ठीक आहे, नेव्हा."

नेव्हाने त्याच्याकडे पाहिलं. तिचा उजवा हात खिशात होता. मी तो बघत होते. तो आत थोडा वेळ राहिला, मग रिकामा बाहेर आला. तिने बापाच्या तळहातावरचं काडतूस उचललं, नळीत सरकवलं आणि खटका बंद केला.

मी तोंडासमोर हात धरून पिल्लाचं रडणं काढलं. थांबले. पुन्हा काढलं.

ती घळीतून आली. पळत आली, मग थांबली, मग डावीकडे वळसा घ्यायला लागली, आणि पुन्हा थांबली. नाक वर करून तिने हवा घेतली. हवेत काहीच नव्हतं. कुठल्या अंगाने वळसा घ्यायचा हे सांगायला वाराच नव्हता. म्हणून ती जन्मात कधी राहिली नसेल तशी उघड्यावर, आडवी, आमच्याकडे कूस करून उभी राहिली. पोटाचे केस गळून सड दिसत होते. मी वर्गात फळ्यावर कायोट काढते तेव्हा तसाच काढते, आडवा आणि स्थिर, आणि मुलांना सांगते की असा तुम्हाला कधी मिळणार नाही.

नेव्हाने श्वास सोडला. गोळी सुटली.

मादीच्या पोटाखाली, अगदी बरोबर पोटाखाली, मातीचा एक पुंजका उडाला. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. धूळ जिथे उडाली तिथेच सरळ उभी राहिली आणि तिथेच खाली बसली. नेव्हाने खटका ओढून पुंगळी बाहेर टाकेपर्यंत मादी घळीत दिसेनाशी झाली होती.

पुंगळी दंवात पडली होती. अर्व्हिन गुडघ्यांवर रांगत गेला आणि त्याने ती उचलली. हातातून ती निसटली. त्याने पुन्हा उचलली, फुंकर मारून साफ केली आणि शर्टाच्या खिशात टाकली. खाली घराचा धूर अजून सरळच चालला होता.

"वारा होता," अर्व्हिन म्हणाला.

नेव्हा बंदूक मांडीवर घेऊन बसली होती.

"हो," ती म्हणाली. "होता."

माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. मला कोणी विचारलंही नाही.

त्यानंतर ती मादी पिल्लाच्या रडण्याला आली नाही, कसल्याच हाकेला आली नाही. एकदा चुकलेली गोळी कायोटला जे शिकवते ते मला इतक्या वर्षांत एका मुलाला शिकवता आलं नाही. नेव्हा विकतची काडतुसं घेऊन जून संपेपर्यंत बसत राहिली, रोज वेगळ्या जागी. मादी तिला एकदाही दिसली नाही. कोकरं मात्र जात राहिली. उन्हाळ्यात ती आपल्या पिल्लांनाही घेऊन यायला लागली, शिकवायला.

शरदात दोन मजली ट्रक आले. मेंढ्या फळीवरून वर चढायला तयार नव्हत्या, मग नेव्हाने पुढची घंटावाली मेंढी मानेला धरून चढवली आणि बाकीच्या तिच्यामागे गेल्या. अर्व्हिन कुंपणापाशी खिशात हात घालून उभा होता. बिशप त्या दिवशी उठला, मागचे पाय ओढत ट्रकच्या मागे फाटकापर्यंत गेला. पुढे बरेच दिवस तो तिथेच बसून असायचा, रिकाम्या कुरणाकडे तोंड करून, आणि रात्री भुंकायचा.

नेव्हा परत शहरात गेली. अर्व्हिनने यावं म्हणून तिने फार सांगितलं. तो म्हणाला, बघू, वसंतात बघू. दर रविवारी ती फोन करते. त्याला रिसीव्हर कानाशी धरून ठेवता येत नाही, म्हणून तो टेबलावर ठेवून दोघं मोठ्याने बोलतात. बोलण्यासारखं फार नसतं.

जानेवारीत त्याने मला बोलावलं. तराजू, साचे, दारूचे डबे, सगळं वर्गासाठी घेऊन जा म्हणाला. मुलांना दाखवायला उपयोगी पडेल. मी दूधघरात गेले. बाक पुसून लख्ख केलेलं होतं. एका डब्यात घासलेल्या पुंगळ्या, सगळ्या तोंड वर करून ओळीने. आमच्याकडे डब्यात तोंड वर म्हणजे रिकामी, भरायची बाकी.

बाकाच्या वर, त्याच्या डोळ्यांसमोर येईल अशी, खिळ्याला ती ताटली लावलेली होती.

मी चष्मा पुसून बघितलं. कडेला पिनांनी फाडलेली चार बारीक भोकं होती, दोन दोन समोरासमोर. एक जोडी बरोबर वर आणि एक बरोबर खाली येईल अशी ती टांगली होती. आणि मधे गोळ्यांची ओळ, उभी, ठिपक्याच्या वरून खाली कडेपर्यंत, दोरीसारखी.

अर्व्हिन दारात येऊन उभा राहिला होता. मी काय बघते आहे ते त्याने बघितलं. मी पुंगळ्यांचा डबा उचलला. तो जड होता, म्हणून पुन्हा खाली ठेवला. बाहेर बर्फ आडवं उडत होतं, खिडकीची काच चौकटीत थडथडत होती.

"वारा फार आहे आज," मी म्हटलं.

"हो," अर्व्हिन म्हणाला. "आज आहे."